रांगोळीची क्रियापदे

जबलपूर शहरातील चेरीताल ह्या वस्तीला ते नाव एका तलावावरून पडले असले, तरी तो तलाव आता तेथे नाही. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती (मृत्यू १५६४) हिने राणीताल बांधविला, तिच्या रामचेरी नावाच्या दासीने चेरीताल आणि तिचा दिवाण आधार कायस्थ ह्याने आधारताल, अशी परंपरागत समजूत ह्या भागात आहे. संस्कृत नाटकांतील ‘चेटी’ लोकभाषेत उतरता उतरता ‘चेरी’ झाली, आणि तुलसीदासांनी मंथरेसाठी तोच शब्द वापरला. जबलपूरला बावन्न तालांचे शहर म्हणतात. त्यांपैकी कित्येक बुजले, त्यांवर घरे आणि बाजार उभे राहिले. तथापि रिक्षावाल्याला नाव सांगताच तो आपल्याला तेथे नेऊन सोडतो. वस्तू नाहीशी झाल्यावरही तिचे नाव किती दीर्घकाळ टिकू शकते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय. प्रस्तुत लेखात मला जे सांगावयाचे आहे ते ह्याच्या दुसऱ्या बाजूविषयी आहे: हाताने करावयाची एखादी रीत मागे पडू लागली की तिचे क्रियापद किती लवकर जाते, ह्याविषयी.

जबलपूरला अतिथी प्राध्यापक म्हणून काही महिने राहण्याचा योग आला तेव्हा माझे बिऱ्हाड चेरीतालात, एका मराठी कुटुंबाच्या घरी होते. ह्या शहराचा मराठीशी असलेला संबंध जुना आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सरदारांनी मंडल्याचे राज्य घेतले, १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले आणि १८१७ च्या अखेरीस ते इंग्रजांच्या हाती गेले. पुढे मध्यप्रांताचा कारभार नागपुराहून चालत असल्यामुळे कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि १९०४ मध्ये निघालेला तोफगाडीचा कारखाना ह्यांच्या निमित्ताने मराठी माणसे इकडे येत राहिली. १९५६ च्या प्रांतरचनेत विदर्भ वेगळा झाला आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ नागपुराहून जबलपूरला आले. त्या सुमारास आलेल्यांपैकीच हे घर. घरात तीन पिढ्यांच्या तीन स्त्रिया होत्या: ऐंशी ओलांडलेल्या आजी, दमोहच्या हिंदी भाषिक घरातून आलेल्या त्यांच्या सूनबाई, आणि महाविद्यालयात शिकणारी नात. आजी मला ‘प्रोफेसरसाहेब’ म्हणत, सूनबाईंना मी ‘वहिनी’ म्हणत असे.

त्या दिवसांत भारतीय भाषांतील लोककलांच्या परिभाषेची तौलनिक सूची करण्याचे काम माझ्याकडे होते. त्यासाठी जे छापील प्रपत्र मिळाले होते त्यात पहिला रकाना ‘पारिभाषिक संज्ञा’ असा होता; मग अर्थ, भाषा, प्रदेश, साधने असे रकाने होते. मराठीत आपण ‘संज्ञा’ म्हणतो तेव्हा नेमलेला शब्द एवढाच अर्थ मनात असतो. हिंदी व्याकरणात मात्र ‘संज्ञा’ म्हणजे नाम. प्रपत्र तयार करणाऱ्यांच्या मनात हा श्लेष नसणार, पण त्याची अंमलबजावणी मात्र अक्षरशः झालेली होती. रांगोळी, अल्पना, अरिपन, ऐपण, मांडणा, कोलम, मुग्गु, झोटी, चौक, साथिया अशी नामांची रांग रकान्यात सहज बसत होती. क्रियापदाला रकाना नव्हता. त्याची उणीव मला जाणवली ती ह्या घराच्या उंबऱ्याशी.

दिवाळीपूर्वीच्या एका सकाळी मी अंगणात बसलो होतो. वहिनी दाराशी पिठाने आकृती करीत होत्या. आत कोणीतरी काय चालले आहे असे विचारले. आजी म्हणाल्या, “ती रांगोळी घालतेय.” वहिनी स्वतः म्हणाल्या, “चौक पुरतेय.” नात मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, ती म्हणाली, “मम्मी रंगोली बना रही है.” एकाच कृतीविषयी एकाच वेळी उच्चारलेली ही तीन वाक्ये. सूचीच्या दृष्टीने ह्यांत दोन संज्ञा होत्या, रांगोळी आणि चौक. परंतु तिन्ही वाक्यांतला खरा भेद क्रियापदात होता, आणि तो जितका तपासावा तितका कृतीच्या जवळ नेत होता.

वहिनींचा ‘पुरणे’ हा शब्द मराठी कानाला प्रथम विचित्र वाटतो, कारण आपल्याकडे पुरणे म्हणजे जमिनीत गाडणे किंवा पर्याप्त होणे. बुंदेलीत ‘चौक पूरना’ म्हणजे चौकाची आकृती पिठाने भरणे. गुजरातीतही साथिया ‘पुरतात’. मूळ धातू पूर्, भरणे हाच. मराठीनेही तो अर्थ पार टाकलेला नाही. पोळीत भरावयाच्या सारणाला आपण ‘पुरण’ म्हणतो आणि खड्डा भरून बुजविणे हेही पुरणेच. गोंधळ घालण्यापूर्वी गोंधळी पाटावर धान्याचा चौक मांडतात, त्याला आपण ‘चौक भरणे’ म्हणतो. तेव्हा दमोहची सून आणि देवीचा गोंधळी हे दोघे एकच क्रिया दोन शब्दांनी सांगत असतात. ह्या क्रियापदात एक क्रम गृहीत आहे. आधी चौकट असते आणि मग तिचे पोट भरते. वहिनी प्रथम गव्हाच्या पिठाने बाहेरचा चौकोन करीत, त्याचे कोपरे जोडीत, आणि मग आतली घरे पीठ व हळद ह्यांनी भरून काढीत. चौकाला रिकामी घरे चालत नाहीत, असे त्या म्हणत. नुसते ‘चौक’ हे नाम टिपणाऱ्याला ही अट समजणार नाही. ती ‘पूरना’ ह्या शब्दात आहे.

मराठीत रांगोळीला दोन क्रियापदे चालतात, काढणे आणि घालणे. ‘घालणे’ हे दक्षिणेकडच्या शेजाराशी जुळते. कन्नडात रांगोळीला ‘हाकु’ हे क्रियापद लागते, तमिळमध्ये कोलमला ‘पोडु’. दोहोंचा अर्थ टाकणे, घालणे. ‘काढणे’ हे उत्तरेशी जुळते. प्राकृतातील ‘कड्ढ’ म्हणजे ओढणे; काही व्युत्पत्तिकार त्याचा संबंध कृष् धातूशी लावतात. हिंदीत ‘काढ़ना’पासून ‘कढ़ाई’, म्हणजे कापडावरचे भरतकाम, हा शब्द आला. फारसीतील ‘कशीदन’ म्हणजेही ओढणे, आणि त्यावरून आलेला ‘कशिदा’ आपण मराठीत ‘काढतो’. म्हणजे शब्दशः पाहिले तर ओढलेले पुन्हा ओढतो. इंग्रजीतील ‘ड्रॉ’ करणे म्हणजेही मुळात ओढणेच. कापडावर असो की जमिनीवर, रेघ काढणे आणि तिच्या आत रंग भरणे ही दोन कामे मराठीने निराळी ठेवली. भरतकामाला त्यांपैकी दुसऱ्याचे नाव मिळाले, रांगोळीला बहुधा पहिले क्रियापद मिळाले. अर्थात शब्दांचे हे प्रवास एका दिशेने होत नाहीत. जेवणाच्या पानाभोवती रांगोळीची जी कमान काढतात तिला आपण ‘महिरप’ म्हणतो. अरबी ‘मिहराब’, मशिदीतील कमानदार कोनाडा, हा शब्द मराठी घरात ताटाभोवती येऊन बसला आहे, आणि कोणाला त्याचे परकेपण जाणवत नाही.

व्युत्पत्तीचे हे विवेचन मी एकदा आजींना सांगितले. त्यांच्या हाताला कंप सुटू लागल्यापासून त्यांनी रांगोळी काढणे सोडून दिले होते. त्या खुर्चीवर बसून नातीला शिकवीत. काढणे म्हणजे ओढणे, हे ऐकून त्या म्हणाल्या, “ओढायची नसते, प्रोफेसरसाहेब. सोडायची असते.” आणि नातीच्या हाताकडे बोट दाखवून, “ही ओढतेय, म्हणून तुटतेय.”

मी पाहू लागलो. नात पेन्सिलीने कागदावर रेघ मारावी तशी चिमूट जमिनीला टेकवून पुढे नेत होती. तिची रेघ कोठे जाड, कोठे खंडित होत होती. आजींचे म्हणणे असे की हात जमिनीपासून बोटभर वर हवा, आणि तो आधी पुढे गेला पाहिजे. रेघ त्याच्या मागून पडते. चिमूट आवळली की धार थांबते, सैल केली की जाड होते. वळणावर चिमूट सैल करावयाची नाही, मनगट वळवावयाचे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ह्यांच्या फटींतून एकाच वेळी दोन समांतर रेघा सोडता येतात. रांगोळी फार बारीक असून चालत नाही; तिचे पीठ झाले तर ती बोटाला चिकटते, सुटत नाही. ती थोडी रवाळ हवी. महाराष्ट्रात शिरगोळा नावाचा मऊ पांढरा दगड कुटून रांगोळी करीत, कोकणात भाताच्या तुसाची पांढरी राख वापरीत. आजींच्या तरुणपणी भेडाघाटाच्या बाजूने येणारा पांढरा दगड घरी कुटला जाई. नुसते शंखजिरे त्या घेत नसत, कारण ते ‘धावत नाही’. धावणे, सुटणे, तुटणे, बसणे, उठणे ही त्यांची परिभाषा. ‘रांगोळी बसली’ म्हणजे सारवलेल्या जमिनीच्या किंचित ओलीने कण धरून ठेवले. ‘उठली’ म्हणजे पांढरी रेघ जमिनीच्या रंगावर स्पष्ट दिसू लागली. ह्यांतील एकही शब्द माझ्या रकान्यात बसण्याजोगा नव्हता. आणि रांगोळी कशी काढतात ह्याचे ज्ञान म्हणून जे काही त्या घरात होते, ते ह्या शब्दांतच होते.

तेव्हा आजींनी ‘काढणे’ ह्या शब्दाची व्युत्पत्ती खोडून काढली असे मात्र नव्हे. रेषेकडे पाहणारा ‘काढली’ म्हणतो. रेषा करणारा हात ‘सोडतो’. पहिला शब्द फलाचा आहे, दुसरा कृतीचा. कोशात पहिला आला, कारण कोश करणारे बहुधा पाहणारे होते.

शास्त्रग्रंथांनी ह्या कलेची दखल घेतलेली नाही असे नाही. कामसूत्रातील चौसष्ट कलांत तांदूळ आणि फुले ह्यांच्या रचना करण्याची कला आहे. बाराव्या शतकातील चालुक्य नृपती सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लासा’त चित्रांचे प्रकार सांगताना ‘रसचित्र’ आणि ‘धूलिचित्र’ असे दोन प्रकार आले आहेत. श्रीकुमाराच्या ‘शिल्परत्ना’तही ते आढळतात. परशुराम कृष्ण गोडे ह्यांनी रंगवल्लीच्या इतिहासावर लिहिताना संस्कृत वाङ्मयातील असे उल्लेख मोठ्या चिकाटीने एकत्र केले. ओल्या रंगाचे ते रसचित्र, कोरड्या चूर्णाचे ते धूलिचित्र, हा भेद शास्त्राने नामांनी सांगितला. लोकभाषांकडे त्या दृष्टीने पाहू लागलो तेव्हा तोच भेद त्यांनी पुष्कळ ठिकाणी क्रियापदांनी सांगितलेला दिसला. तांदळाच्या पिठाच्या ओल्या लेपाने होणारी बंगाली अल्पना ‘देतात’, मैथिली अरिपनही ‘देतात’. मराठीत भिंतीला रंग ‘देतो’ तेव्हा तोही ओलाच असतो. मिथिलेतील कोहबर ‘लिहिले’ जाते. डहाणू-जव्हारकडच्या वारली सुवासिनी लग्नात पालघट देवीचा चौक तांदळाच्या ओल्या पिठाने करतात, तोही ‘लिहितात’, आणि त्या वेळी धवलेरी गाणी म्हणत असते. लिख् धातूचा मूळ अर्थ ओरखडणे असा आहे. उषा-अनिरुद्धाच्या कथेतील चित्रे काढणारी सखी ‘चित्रलेखा’ आहे, हे मराठी वाचकाला परिचित आहेच. राजस्थानात खडू आणि गेरू ह्यांचा मांडणा ‘मांडतात’, आणि तेथे मराठी माणसाला एकदम घरचे वाटते, कारण आपण डाव मांडतो, देव मांडतो, संसारही मांडतो. उलट कोरडे चूर्ण घालतात, टाकतात, पुरतात, सोडतात. हा नियम सर्वत्र लागू पडत नाही. तमिळनाडूत ओल्या पिठाच्या कोलमलाही कोरड्या कोलमचेच क्रियापद चालते. तरीही हा कल इतका ठळक आहे की तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ च्या ‘बांग्लार ब्रत’मध्ये अल्पनेला व्रतातील कामनेशी जोडले आहे, अल्पना ‘देणे’ ह्या शब्दप्रयोगाकडेही त्या प्रकाशात पाहावयास हवे. तेथे देण्यात लेपही आहे आणि अर्पणही आहे.

चेरीतालातच ह्या मालिकेतील आणखी एक शब्द मिळाला. अंगण शेणाने सारवून झाले की त्याच्या कडेने छुईच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, ओल्या लेपाची पट्टी ओढतात. वहिनी तिला ‘ढिग देणे’ म्हणत. ‘ढिग’ म्हणजे कड, बाजू. व्रजभाषेत ‘जवळ’ ह्या अर्थाने तो शब्द येतो. मराठी माणूस तो ऐकून रास समजेल. जबलपूरच्या पूर्वेला मंडला-डिंडोरीच्या गोंड घरांत भिंतीवर आणि जमिनीवर जी आकृतिबंधांची सजावट स्त्रिया करतात तिला ‘ढिगना’ किंवा ‘डिगना’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच कुळातले दिसतात. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) ह्यांची चित्रे १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनातून जगापुढे गेली, तेव्हा ह्या भिंतींची कलाजगताला ओळख झाली. कडेची पट्टी म्हणून असलेला शब्द अशा रीतीने एका चित्रपरंपरेच्या पायाशी आहे.

कडेच्या सजावटीचा विषय निघालाच आहे तर जबलपूरच्याच एका कलावंताचा उल्लेख केला पाहिजे. नंदलाल बसू आणि त्यांचे शांतिनिकेतनातील विद्यार्थी ह्यांनी भारतीय संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजविली. त्यातील उद्देशिकेच्या पानाभोवतीची वेलबुट्टी ही नंदलालांचे शिष्य, जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा ह्यांची. तिच्या कोपऱ्यात ‘राम’ एवढी लहानशी सही आहे. शांतिनिकेतनात अल्पना शिकविली जाई. घरातील स्त्रीची कला तेथे विद्यालयीन विषय झाली, आणि तिला नाव व सही मिळाली. अंगणातल्या ढिगेला सही नसते. तिची ओळख तिच्या क्रियापदाने होते, आणि ते क्रियापद बोलणारी व्यक्ती जोवर ती क्रिया करीत आहे तोवरच ती टिकते.

येथे नातीच्या वाक्याकडे वळतो. ‘रंगोली’ हा शब्द आज भारतभर पोहोचला आहे; चित्रपटगीतांच्या दूरदर्शन-कार्यक्रमाने तो घरोघर नेला, स्पर्धांनी शाळांत नेला. मराठी शब्दाचा हा विस्तार पाहून आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नाम प्रवासाला निघाले ते एकटे. ‘घालणे’, ‘काढणे’, ‘सोडणे’ मागे राहिले, आणि ते जेथे गेले तेथील ‘पूरना’, ‘देना’, ‘लिखना’ हीही हळूहळू हटू लागली. सर्वांच्या जागी ‘बनाना’ आले. मराठी घरांतही ‘रांगोळी बनवणे’ ऐकू येऊ लागले आहे. चहा बनवतात, यादी बनवतात, रांगोळीही बनवतात. ‘बनवणे’ हे क्रियापद चुकीचे नाही. त्याला हात नाही एवढेच. ओले की कोरडे, वरून पडणारे की टेकवून केलेले, आधी चौकट की आधी ठिपका, ह्यांतील काहीच ते सांगत नाही.

ह्याचा दोष त्या मुलीला देणे अन्यायाचे होईल. घराच्या पुढच्या भागात आता गुळगुळीत फरशी आहे. तिच्यावर कण बसत नाहीत. दार उघडले की रेघ सरकते. तिला रांगोळी जमिनीला चिकटवून, दाबून काढावी लागते, म्हणून ती ‘ओढते’. जमीन बदलली तशी बोटांची रीत बदलली, आणि रीत बदलल्यावर आजींचे शब्द तिला उपयोगाचे राहिले नाहीत. ‘सोड’ म्हटले की ती चिमूट उघडी, आणि फरशीवर ढीग पडे. एकदा आजींनी मागच्या अंगणातला हातभर तुकडा वहिनींकडून सारवून घेतला आणि तिला तेथे बसविले. तेथे तिसऱ्या प्रयत्नात धार सुटली. ‘सोडणे’ म्हणजे काय हे तिला सारवलेल्या जमिनीने समजावले. आजींचा शब्द त्याआधी कितीदा तरी तिच्या कानांवरून गेला होता. गोपद्मे, लक्ष्मीची पावले, चैत्रांगणातील शंख-चक्र, सूर्य-चंद्र, पाळण्यातली गौर ही सारी नामे तिला पाठ होती. छापील पुस्तकांत ती सचित्र मिळतात. नव्हता तो हा एक शब्द, आणि तो मिळायला हातभर शेणाची जमीन लागली.

साहित्याच्या अभ्यासकांना ह्या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. आपण तुलना करतो ती बहुतेक नामांची: ओवी आणि अभंग, पोवाडा आणि रासो, लावणी आणि ठुमरी. पण ओवी ‘गातात’ त्याआधी ती जात्यावर ‘सुचते’, अभंग ‘म्हणतात’, पोवाडा ‘गातात’, पोथी ‘लावतात’, आणि कीर्तन ‘करतात’. रचना आणि आविष्कार ह्यांविषयी भाषेला जे ठाऊक आहे ते पुष्कळदा ह्या जोडशब्दांत साठविलेले असते, आणि अनुवादात सर्वांत आधी तेच गळते. ‘अल्पना देणे’ आणि ‘चौक पूरना’ ह्यांना परभाषेत एकच क्रियापद लावले की दोन कला एक होतात.

म्हणून त्या सूचीतील मराठी आणि बुंदेली विभागासाठी मी प्रपत्राच्या शेवटच्या ‘विशेष टिपणे’ ह्या रकान्यात प्रत्येक नामाचे क्रियापद, त्याचे साधन आणि ते ज्या पृष्ठभागावर चालते तो पृष्ठभाग असे तिन्ही लिहून दिले. पुढे कोणी लोककलांचा परिभाषाकोश करावयास घेतलाच, तर त्यात क्रियापदे हीच शीर्षशब्द म्हणून घ्यावीत आणि नामे त्यांच्याखाली द्यावीत, असे माझे सुचविणे आहे. माहिती देणाऱ्या बाईला ‘ह्याला काय म्हणतात?’ असे विचारण्याऐवजी ‘हे करताना काय काय करता?’ असे विचारावे, आणि शक्य असेल तेथे तिचा हात चालू असतानाच विचारावे. काम फार पसरलेले आहे, आणि ज्यांना विचारावयाचे त्यांची वये वाढत चालली आहेत. आजींच्या तोंडची धावणे, सुटणे, तुटणे, बसणे आणि उठणे ही पाच क्रियापदे त्या टिपणात आहेत. ‘सोडणे’ सर्वांच्या वर आहे.